शाळेतली स्पेशल एज्युकेशन कोच, दीड वर्षाचा अनुभव (साडेतीन स्टार, बाकीचे कुठे कापले ते खाली आहे)

गेल्या वर्षी जूनमध्ये शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला की यंदापासून आपल्याकडे स्पेशल एज्युकेशन कोच येणार, आठवड्यातून दोन दिवस, सोमवार आणि गुरुवार. सासूबाईंनी विचारलं, "कोच म्हणजे कबड्डीचो मां?" मी हसले, पण मलाही कुठे माहीत होतं. मला वाटलं स्पेशल टीचर असेल, बाबूला वेगळ्या खोलीत घेऊन बसेल, वाचून घेईल, लिहून घेईल, महिन्याला ९०० रुपये जास्तीचे म्हणजे ट्यूशनच की ती. याच समजुतीत मी पहिले पैसे भरले आणि याच समजुतीमुळे पहिले तीन महिने मी जाम वैतागलेली होते. म्हणून हे लिहितेय, कारण आता आजूबाजूच्या दोन-चार शाळांत पण असे कोच ठेवणार म्हणून ऐकतेय आणि लोक मला विचारतात की काय गो, उपयोग होतो काय त्याचा.

आधी आमचं सांगते. मालवण-कुडाळ पट्ट्यातली मराठी माध्यमाची शाळा, नाव देत नाही, गाव छोटं आहे. मी पतपेढीत कॅशिअर, नवरा गोव्यात कंपनीत, शनिवारी रात्री येतो सोमवारी पहाटे जातो, म्हणजे अभ्यास डबा ताप वह्यांना कव्हर सगळं माझ्याकडे. बाबू तेव्हा तिसरीत. बोलायला लागला की थांबत नाही, गोष्ट एकदा ऐकली की जशीच्या तशी सांगतो, पण पुस्तक उघडलं की घाम. 'धडा' ला 'घडा', 'भात' ला 'मात', पहिली ओळ वाचता वाचता तिसऱ्या ओळीवर उडी. आणि हो, तो चित्रं वगैरे काही भारी काढत नाही. लोक लगेच विचारतात "मग त्याच्यात दुसरं काहीतरी टॅलेंट असेल ना?" नाही हो. साधा पोरगा आहे, क्रिकेट खेळतो, बांगड्याचं तिखलं खातो, त्याला वाचता यायला पाहिजे एवढंच माझं म्हणणं.

तर कोच मॅडम आल्या. पहिल्या महिन्यात त्यांनी बाबूला एकदाही बाहेर काढलं नाही. वर्गात शेवटच्या बाकावर वही घेऊन बसायच्या, तास संपला की बाईंशी दहा मिनिटं बोलायच्या आणि दुसऱ्या वर्गात जायच्या. बाबूला विचारलं मॅडमनी काय शिकवलं, तर म्हणाला "काय नाय, त्या बसान लिवतत." मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून शाळेत गेले आणि जरा आवाजातच विचारलं की पैसे आम्ही भरतो मुलासाठी आणि तुम्ही बाईंशी गप्पा मारता? मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, बाबूची आई, मी आठवड्याचे दोन दिवस इथे असते, त्यातला तुमच्या मुलाच्या वाट्याला येणार अर्धा तास. बाई त्याच्यासोबत रोज पाच तास असतात. मी अर्धा तास नीट करू की ते पाच तास?

तेव्हा ते काही माझ्या डोक्यात शिरलं नाही. चहा प्यायले आणि घरी आले.

आता फरक सांगते कारण माझा सगळा घोळ इथेच होता. स्पेशल एज्युकेटर म्हणजे विशेष शिक्षक, मुलाला थेट शिकवतो. शॅडो टीचर म्हणजे एकाच मुलाच्या शेजारी दिवसभर बसणारा, ते शहरातल्या शाळांत, आपल्याकडे परवडत नाही. काउन्सेलर मनाचं बघतो. जिल्हा परिषदेच्या शाळांना समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून तालुक्याच्या गटसाधन केंद्राचे विशेष शिक्षक येतात, त्यांच्याकडे ढीगभर शाळा. आणि कोच जो आहे तो मुख्यतः शिक्षकांना शिकवतो, म्हणजे भाषण ठोकून नाही, त्यांच्याच वर्गात, त्यांच्याच मुलांवर. आधी नुसतं बघतो, मग एखादा धडा स्वतः घेऊन दाखवतो आणि बाई मागे बसून बघतात, मग दोघं मिळून घेतात, मग बाई एकट्या घेतात आणि कोच परत मागे. शिक्षण याचं स्पेशल एज्युकेटरचंच, बीएड स्पेशल एज्युकेशन वगैरे, आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी पाहिजे, तिचा नंबर असतो, तो मागायला लाजू नका. आमच्या मॅडमनी पहिल्याच पालकसभेत स्वतःहून फळ्यावर लिहिला होता.

बाईंना सुरुवातीला हे अजिबात आवडलं नव्हतं, ते त्यांनीच मला नंतर सांगितलं. त्यांना वाटलं हेडसरांनी सीआयडी बसवलाय. मग मॅडमनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं म्हणे की ही वही हेडसर बघणार नाहीत, मी मार्क द्यायला आलेली नाही, तुम्हाला वर्गात काय जड जातंय ते तुम्हीच सांगा, तिथून सुरू करू. मला आई म्हणून हे थोडं खटकलं, कारण मला वाटत होतं मॅडमनी बाईंची तक्रार वर करावी, वर्षभर माझ्या पोराला "लक्ष नाय तुझा" म्हणून मागे बसवलं होतं ना. पण तक्रार केली असती तर बाईंनी दार लावून घेतलं असतं, हे आता कळतं.

मॅडमनी काय बघितलं वहीत? एक गोष्ट मला अजून लक्षात आहे. बाई प्रश्न विचारायच्या आणि उत्तरासाठी किती थांबायच्या ते मॅडमनी मोबाईलच्या स्टॉपवॉचवर मोजलं. एक-दीड सेकंद. हुशार मुलांचे हात तेवढ्यात वर, बाबूच्या डोक्यात अजून प्रश्न चाललेला असायचा. मॅडमनी सांगितलं, प्रश्न विचारा आणि मनातल्या मनात पाच आकडे मोजा, मगच नाव घ्या. बाई म्हणतात सुरुवातीला ती शांतता खायला उठायची. पण दिवाळीपर्यंत बाबू वर्गात उत्तरं द्यायला लागला होता, वाचन अजून होतं तिथेच होतं पण तोंडी उत्तरं यायला लागली, आणि बाईंनाच पहिल्यांदा कळलं की याला येतंय सगळं, अडतंय ते फक्त अक्षरांपाशी.

मग लग्नपत्रिकेची गोष्ट. आपल्याकडे मे महिन्यात घरात पत्रिकांचा ढीग होतो, जाड पुठ्ठ्याच्या. मॅडमनी तसल्या पत्रिकेत एका ओळीच्या उंचीची खिडकी कापली, ती पुस्तकावर ठेवली की एकच ओळ दिसते, वरची खालची झाकली जाते, संपली की खाली सरकवायची. झालं, बाबूच्या उड्या बंद. पैसे शून्य. यात कोचचं डोकं कुठे, तर त्यांनी बाईंना सांगितलं की ही खिडकी एकट्या बाबूला देऊ नका, सगळ्या वर्गाला द्या, ज्याला नको तो ठेवून देईल. ३१ मुलांना दिली. महिन्याभराने बाबूसोबत अजून चौघं वापरत होती, ज्यांचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. आणि बाबूच्या हातात ते "वेगळ्या पोराचं" खेळणं राहिलं नाही. बाबूची खिडकी कोणाच्या लग्नाची होती माहीत नाही, वर 'चि. सौ. कां.' एवढंच उरलंय.

मराठीचं एक मला कधी सुचलं नव्हतं. आपण म्हणतो मराठी सोपी, जसं बोलतो तसं लिहितो. मॅडम म्हणाल्या बाबूच्या नजरेने बघा. पहिली वेलांटी आधी लिहायची पण बोलायची नंतर, 'दिवा' मध्ये डोळ्याला आधी वेलांटी लागते आणि मग द. एकटा र घ्या, 'पर्वत' मध्ये तो डोक्यावर चढतो, 'प्रकाश' मध्ये पायाशी तिरका, 'राष्ट्र' मध्ये खाली टोपीसारखा, 'सुऱ्या' मध्ये अजून निराळा. त्यात घरी आम्ही मालवणी बोलतो, पुस्तकातलं "मला येत नाही" हे त्याच्या कानाला "माका येणा नाय" असं असतं, म्हणजे आधी भाषा बदला, मग अक्षर ओळखा. मग बाईंनी आठवडाभर फक्त रफार घेतला, सगळ्यांनाच. रव्याच्या ताटात बोटाने मोठं अक्षर काढायचं, काढताना मोठ्याने म्हणायचं, हात कान डोळे तिन्ही एकदम. मला घरी पण करायला सांगितलं. मी ताट रात्री ओट्यावर विसरले, सकाळी 'पर्वत' वर मुंग्यांची वारी. मग आम्ही समुद्रावर करायला लागलो, ओहोटीला ओल्या वाळूत हातभर अक्षरं, शेजारची पोरं पण यायला लागली.

गणितात पण तेच. 'एकोणऐंशी' ऐकलं की बाबू ८९ लिहायचा. विचार केला तर त्याची काय चूक, ऐंशी ऐकू आलं, आठ लिहिला. मॅडम त्याला 'सत्तर नऊ' म्हणायला लावायच्या आणि मग त्याच्यापुढे 'एकोणऐंशी'. आठवतंय का, २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस' साठी 'वीस एक' आलं होतं तेव्हा केवढा गदारोळ झाला, मी पण स्टेटसला जोक टाकले होते. आता गप्प बसते.

बाबूपेक्षा मोठा फायदा खरं तर त्याच्या वर्गातल्या दुसऱ्याच मुलाला झाला. तो वर्गातला "न ऐकणारा", सारखा बाहेर उभा. मॅडमचा नियम असा की लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे शिकण्यातली अक्षमता, वगैरे बोलायच्या आधी डोळे आणि कान तपासून आणा, त्याशिवाय बात नाही. त्या मुलाच्या कानात पडद्यामागे पाणी साठलेलं निघालं. अक्षरशः ऐकू येत नव्हतं हो पोराला. आणि आम्ही सगळे, मी पण, म्हणायचो काय द्वाड आहे.

बाबूचं लर्निंग डिसॅबिलिटीचं सर्टिफिकेट पण झालं शेवटी. घरात वादळ. सासूबाई म्हणाल्या, "पोराक कागदार वेडो ठरवतलंस काय?" नवरा आठवडाभर फोनवर गप्प. मॅडमनी रविवारी मुद्दाम येऊन नवऱ्याला समजावलं की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटी धरलेली आहे, आधीच्या १९९५ च्या कायद्यात सातच होते आणि त्यात ही नव्हती. यात बुद्धी कमी असा अर्थ मुळीच नाही, उलट बुद्धी ठीक असून वाचन-लेखन अडतं म्हणूनच हे नाव. पुढे परीक्षेला जादा वेळ मिळतो, ताशी २० मिनिटं, लेखनिक घेता येतो. नवऱ्याने सगळं ऐकून विचारलं, "ह्या मोठो झाल्यार जाताला?" मॅडमनी खोटं नाही सांगितलं, म्हणाल्या जात नाही, पण वाट सापडते. सर्टिफिकेटच्या चार फेऱ्यांचं मी लिहीत नाही, त्याचा वेगळा रिव्ह्यू होईल.

आता तक्रारी. काही कोचच्या, जास्त शाळेच्या.

पहिली, रिपोर्ट. पहिल्या सहामाहीचा रिपोर्ट आला तो चार पानी इंग्लिशमध्ये. मराठी शाळा, मराठी पालक, मराठी वाचता न येणाऱ्या मुलाचा रिपोर्ट, आणि इंग्लिश! मी पतपेढीतल्या मॅनेजरांकडून वाचून घेतला, म्हणजे माझ्या पोराचं सगळं ऑफिसला कळलं. मॅडमना सांगितल्यावर त्यांनी माफी मागितली आणि पुढचा एका पानात मराठीत दिला. तो मात्र छान होता. आधी शाळेच्या कागदावर असायचं "वाचनात सुधारणा अपेक्षित", याच्यात होतं "जोडाक्षरांच्या १० शब्दांपैकी ८ शब्द मदतीशिवाय वाचेल, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत". याला आयईपी म्हणतात, वैयक्तिक आराखडा. यात मला कळतं काय व्हायला हवं होतं आणि झालं की नाही. सहाच झाले, तेही लिहिलं होतं.

दुसरी, आणि यासाठीच स्टार कापलाय. घटक चाचणी मंगळवारी होती, मॅडमचा वार नाही, बाई पण रजेवर, दुसऱ्या वर्गाचे सर सुपरविजनला. बाबूने पत्रिकेची खिडकी काढली, सरांनी ती कॉपीची चिठ्ठी समजून काढून घेतली. वरचं 'चि. सौ. कां.' वाचून सुद्धा! बाबूला घाबरून बोलताच आलं नाही, कोरा पेपर देऊन आला आणि पुढचे चार दिवस पोटात दुखतं म्हणून शाळा बंद. मी हेडसरांपुढे जाऊन बसले, सर म्हणाले गैरसमज झाला. गैरसमज नाही हो, एका बाईंना आणि एका मॅडमना माहीत असलेली गोष्ट बाकी स्टाफला माहीतच नव्हती. त्यानंतर मॅडमनी प्रत्येक मुलाचं अर्ध्या पानाचं पत्रक केलं, याला काय द्यायचं, काय काढून घ्यायचं नाही, आणि ते आता सुपरविजनच्या फाईलला लावतात. चांगलं केलं, पण ते पहिल्या महिन्यात व्हायला हवं होतं आणि ती चूक मॅडमनी पण मान्य केली.

तिसरी, फी. हे ९०० रुपये फक्त आम्ही सात पालक भरतो, ज्यांची मुलं "यादीत" आहेत. आता मला सांगा, खिडकी ३१ जणांना, रफार ३१ जणांना, पाच आकडे मोजणं ३१ जणांसाठी, कान तपासणी त्या न ऐकणाऱ्या पोराची, तो तर यादीत पण नव्हता. कोच सगळ्या वर्गाच्या कामाला येतो तर पैसे सात जणांकडूनच का? आणि मे महिन्याचे पण घेतले, गणपतीच्या सुट्टीचे पण. मी रोज व्याजाचे हिशेब करते, मला हे दिसतंच. यात मॅडमचा दोष नाही, त्यांच्या हातात किती पडतात ते विचारायची पण मला हिंमत झाली नाही.

चौथी, एक कोच आणि तीन शाळा. मिळून २६ मुलं आहेत त्यांच्या वहीत, शिवाय त्या मुलांचे शिक्षक वेगळे. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये प्राथमिकला १० विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक विशेष शिक्षक, उच्च प्राथमिकला १५ मागे एक असं प्रमाण दिलंय, ते विशेष शिक्षकाचं आहे आणि आमच्या तिन्ही शाळांत विशेष शिक्षक एकही नाही. कोच आला म्हणजे विशेष शिक्षक नको असं शाळेने परस्पर ठरवून टाकलंय, आणि हे चुकीचं आहे. बाबूचं भागतंय. पण दुसरीत एक मुलगी आहे तिला रोज थेट शिकवणारं माणूस लागतं, तिला आठवड्याचे दोन दिवस म्हणजे काहीच नाही, तिची आई वैतागून गप्प बसलीय.

मग मी साडेतीन तरी का दिले? जुलैमुळे. यंदा जुलैत पाऊस असा लागला की सलग दोन आठवडे मॅडम येऊच शकल्या नाहीत, त्यांच्या वाटेवरच्या पुलावर पाणी, एसटी बंद. मी म्हटलं झालं, केलेलं सगळं पाण्यात. गुरुवारी छत्री घेऊन बाबूला आणायला लवकर गेले तर खिडकीतून बाईंचा आवाज येत होता. परिसर अभ्यासाचा तास होता. बाईंनी फळ्यावर 'पर्जन्य' लिहिलं, रफार लाल खडूने, प्रश्न विचारला आणि थांबल्या. मी बाहेर भिजत उभी, मनातल्या मनात मोजतेय, एक, दोन, तीन, कौलांवर पाऊस धो धो, चार, पाच, आणि मग बाईंनी नाव घेतलं ते पण बाबूचं नाही, मागच्या बाकावरच्या दुसऱ्याच एका मुलीचं. कोच शाळेत नव्हतीच त्या दिवशी. तेव्हा मला गेल्या वर्षीचा शाळेतला तो चहा आठवला.

ज्यांना घ्यायचंय त्यांच्यासाठी एवढंच, पैसे भरायच्या आधी शाळेला विचारा की कोच कुठल्या वारी, किती शाळा, शिक्षकांना कोचसोबत बसायला वेळापत्रकात तास दिलाय का. आमच्याकडे तो मधल्या सुट्टीत ठेवलाय, बाई डबा खाता खाता शिकतात. रिपोर्ट मराठीत मागा. आणि पहिल्या महिन्यात पोरगं म्हणालं की मॅडम नुसत्या बसून लिहितात, तर माझ्यासारखं भांडायला जाऊ नका, निदान दिवाळीपर्यंत थांबा.

कोचचं कॉन्ट्रॅक्ट एप्रिलपर्यंत आहे. पुढचं विचारलं तर ऑफिसमधून उत्तर "बघूया". आम्ही सात पालकांनी अर्ज केलाय की कोच ठेवा, फी सगळ्यांवर थोडी थोडी लावा आणि वर एक विशेष शिक्षक बघा. आठव्या सहीला त्या कानवाल्या मुलाचे बाबा स्वतःहून आले, नवव्या सहीला बाई. सोमवारी देतोय. काय होतं ते इथेच खाली टाकेन.